मांडीवर मशीन घेऊन परभणीला

रजू, लोक सगळं चुकीचं सांगून राह्यले.

परवा तुझ्या घरी भेटायला आलेल्या माणसांत मी भिंतीला टेकून बसले होते. आपल्या जुन्या कंपनीतले एकजण तुझ्या अनंतरावांना सांगत होते, "रजनीताईंचं डोकं लई चालायचं. बंद पडलेला कॉम्प्युटर त्यांनीच दुरुस्त केल्ता." दुसरे म्हणाले, "दुरुस्त न्हाई हो, त्याला नवा प्रोग्राम शिकवला." अनंतराव बिचारे दोघांनाही मान हलवत होते. मला बसवेना. तू असतीस तर पदर खोचून मधेच उभी राहिली असतीस: "बंद पडलंच नव्हतं! चांगलं चालत होतं! बिलकुल चूक!" ढिलेपणानं सांगितलेल्या गोष्टीचा तुला जेवढा राग यायचा तेवढा शिवी दिल्याचाही येत नसे. पण दुःखाला आलेल्या माणसांना दुरुस्त करणं बरं दिसलं नसतं. म्हणून गप्प बसले आणि घरी येऊन लिहायला घेतलं. तुझ्याबद्दल नाही, तुलाच. म्हणजे तुझ्या धाकानं तरी बरोबर लिहीन.

तू मला बोललेलं पहिलं वाक्य आठवतं? "चपला बाहेर!" जालना जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी तीर्थपुरीची, परभणीला शेतीचं शिकून आपल्या बियाण्यांच्या कंपनीत लागलेली. दिवसभर बाजरीच्या चाचणी-प्लॉटवर फिरायचं, संध्याकाळी ऑफिसात आकडे आणून द्यायचे. तू औरंगाबादहून लग्न होऊन आलेली, फिजिक्सची पदवीधर, आणि ऑफिसातल्या एकुलत्या एक एसीच्या खोलीची मालकीण. मी चपला काढल्या तर म्हणालीस, "पाय पण धुऊन ये. तुझ्या पायाला अख्खं शिवार चिकटलंय." मला असा राग आला की परत जावं. पण तुझ्या खांद्यामागं ते मशीन दिसलं: बदामी रंगाची चपटी पेटी, वर टीव्हीसारखा पडदा, पडद्यावर हिरवी अक्षरं. मी मुकाट्यानं पाय धुऊन आले.

कंपनीनं ते पगारासाठी आणि दुकानदारांच्या नावांसाठी घेतलं होतं. ते काम तू सकाळीच उरकून टाकायचीस आणि उरलेला दिवस त्या मशीनच्या पोटात काय आहे ते शोधत बसायचीस. बाकी सगळे त्याच्याशी देवघरातल्यासारखे वागत. तू त्याच्याशी भांडायचीस. "बोल ना बाबा! काय झालं तुला?" असं म्हणत पेटीवर टिचकी मारताना मी तुला किती वेळा पाहिलं असेल! आणि ते बोललं की खुर्चीतल्या खुर्चीत उडी. तिशीला आलेली बाई, पोरीची आई, आणि उडी!

माझी अडचण मी तुला सांगितली ती दुपारी डबा खाताना. तीन हंगाम मी दोन वाणांची चाचणी घेत होते. एक साहेबांच्या आवडीचा, हातभर लांब कणसाचा, शेतकऱ्यानं बघताच भुलावं असा. दुसरा माझा, बुटका, कणीस आखूड, पण पाणी ताणलं तरी मान न टाकणारा. निदान मला तसं वाटायचं. हसनाबाद, मंठा, तीर्थपुरी, सगळीकडच्या रानांत प्लॉट होते. कुठं ढोरं शिरली होती, कुठं ओढ्याचं पाणी घुसलं होतं, त्यामुळं मधले मधले आकडे गायब. अशा तुटक्या आकड्यांतून खरं काय ते काढणं कॅल्क्युलेटरवर म्हणजे जीव जायचं काम. परभणीला शिकताना नेमक्या ह्याच कामासाठी मी एक प्रोग्राम लिहिला होता. त्याची फ्लॉपी माझ्याकडे होती. पण तो तिथल्या मशीनचा. आपल्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली तर नुसती घरघर.

आणि वेळ नव्हता. मे उजाडला होता. कोणत्या वाणाचं बियाणं वाढवायचं ते खरिपाच्या आत ठरणार होतं, आणि साहेबांचं मन ठरलेलंच होतं.

तू घास तसाच ठेवून उठलीस. मशीन बंद केलंस, वरचं झाकण उचललंस. मला म्हणालीस, "ये, बघ." हिरव्या पाटीवर एक काळी गोम बसावी तशी ती चिप, दोन्हीकडून पायच पाय.

"हा ह्या पेटीचा मेंदू. तुझ्या परभणीच्या मशीनमध्ये दुसऱ्या जातीची गोम आहे. तिला जे हुकूम कळतात ते हिला कळत न्हाईत. तुझ्या प्रोग्राममध्ये काही खोट न्हाई, शकू. तो बराबर बोलून राह्यला. ऐकणारीच परकी आहे."

"मंग?"

"मंग काय! तिला इथं आणून बसवायचं. हिच्या शेजारी." मागच्या बाजूला ओळीनं खाचा होत्या, त्यातल्या एका रिकाम्या खाचेवर तू बोट ठेवलंस. "असं एक कार्ड मिळतं. त्याच्यावर ती दुसरी गोम असते. इथं खोचलं की हेच मशीन त्या मशीनसारखं चालतं. मी मासिकात वाचलंय. पाह्यलं मात्र न्हाई."

तुझे डोळे! मला तेव्हाच कळलं की आता बाजरी बाजूला राहिली. हे कार्ड आल्याशिवाय तुला झोप लागणार नाही.

साहेबांकडे आपण दोघी गेलो. मी काही बोलायच्या आत तू सुरू झालीस. साहेब म्हणाले, "म्हणजे दुसरं कॉम्प्युटर घ्यायचं म्हणता?"

"न्हाई साहेब. ह्याच्यातच दुसरा मेंदू."

"दोन मेंदू एका पेटीत? भांडणार न्हाईत?"

तू जे सांगितलंस ते मी पुढं किती जणांना तुझ्या नावानं सांगितलं! "साहेब, एका चुलीवर दोन सुगरणी असल्या तर काय करतो आपण? एक रांधते तेव्हा दुसरी पडून राहते. नवी रांधायला बसली की जुनी झोपली. पण पाणी कुठं, मीठ कुठं, ते जुनीलाच माहीत. मंग नवी तिला हलवून उठवते, म्हणते, बाई, एवढं पाणी दे. ती देते, परत झोपते. तसंच. विचार नवा मेंदू करणार. पडद्यावर अक्षर उमटवायचं, कोणतं बटन दाबलं ते बघायचं, ही कामं जुना करणार. एका वेळी एकच जागा."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त लांब कणसावर जीव जडलेला. मला म्हणाले, "आणा कार्ड. पण एक सांगतो, शकुंतलाबाई. तुमच्या प्रोग्रामनं माझा वाण सरस म्हणून सांगितलं, तर परत त्या बुटक्याचं नाव काढायचं न्हाई."

मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आणि खरंच साहेबांचा सरस निघाला तर?" तू म्हणालीस, "तुला काय भीती? आकडे तुझेच आहेत ना?" तुला माहीत नव्हतं, आकडे आपलेच असले की जास्त भीती वाटते.

तुझ्या मुंबईच्या मावसभावानं कार्ड पाठवलं ते साडीच्या खोक्यात. त्या दिवशी तू मुद्दाम सुती साडी नेसून आली होतीस. मी टेरिकॉटमध्ये होते, तर मला दाराशीच उभं केलंस. "त्या कापडात वीज असते. दूर. बिलकुल दूर." हातातल्या बांगड्या काढायला लागलीस तेव्हा ऑफिसातल्या शिपायानं "अहो ताई!" म्हणून डोळेच झाकून घेतले. मग एक ठेवलीस, त्याच्या समाधानासाठी. पेटीतल्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवलीस. कार्ड दोन बोटांत धरून खाचेवर टेकवलंस, आणि एकदम दाबलं नाहीस. पुढचं टोक, मागचं टोक, पुढचं, मागचं, असं हळूहळू बसवलंस.  

कार्डाबरोबर आलेली फ्लॉपी घातली. बटन दाबलं. नेहमीची खरखर. मग पडदा कोरा झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक 'ए' उमटला, त्याच्यापुढं एक बाणाचं टोक, त्याच्यापुढं लुकलुकणारा चौकोन.

एवढंच. एक अक्षर! पण परभणीच्या त्या काचेच्या खोलीत मी दोन वर्षं ज्याच्यासमोर बसले होते, तोच हा 'ए'. आपल्या मशीननं आयुष्यात कधी असा 'ए' दाखवला नव्हता. मी दारातूनच ओरडले, "रजू, हेच ते! हेच!" आणि तू माझ्याकडं न बघता त्या पडद्याला म्हणालीस, "आलीस का गं बाई? बस, बस."

टेरिकॉटचं भान विसरून मी आत आले. माझी फ्लॉपी दिली. तू ती घातलीस. घर्र. घर्र. घर्र. वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. परत घातली. परत तेच.

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. तू मात्र कपाळावर हात मारून हसायला लागलीस. "मेंदू मिळाला गं, डोळे न्हाई मिळाले! फ्लॉपी वाचणारा डबा तर आपलाच आहे. त्याला आपल्याच वळणाचं अक्षर वाचता येतं. परभणीचं वळण निराळं." इतकी मोठी चपराक बसल्यावर एवढी हसणारी बाई मी पुढं कधी पाहिली नाही. तुझ्या लेखी ती चपराक नव्हतीच. कोडं अजून संपलेलं नाही, ही तुझ्यासाठी खुशखबर होती.

संध्याकाळी घरी जाता जाता रस्त्यातच थांबलीस. "फ्लॉपी नकोच. तार! त्या मशीनमधून ह्या मशीनमध्ये तारेनं सोडू. तिकडचं बोलेल, इकडचं ऐकेल."

"तिकडचं परभणीला आहे."

"मंग इकडचं परभणीला न्यायचं."

तर असं आपलं मशीन कंपनीच्या जीपमधून निघालं. पगार झाल्यावर, साहेबांची परवानगी काढून. पुढं सलीमभाई ड्रायव्हर, मागं आपण दोघी. पेटी तुझ्या मांडीवर, पडद्याचं खोकं माझ्या मांडीवर, दोन्हींना गोधडी गुंडाळलेली. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लागत नव्हता. तू सारखी पेटीवर तळहात ठेवून बघत होतीस, तापलेल्या लेकराच्या अंगाला ठेवतात तसा. सलीमभाईंना दर खड्ड्याला "आहिस्ता, भाई, आहिस्ता!" शेवटी ते म्हणाले, "ताई, मैं तो आहिस्ता हूँ, रास्ता नहीं है."

मंठ्यात बाजार होता. जीप गर्दीत अडकली आणि एका म्हातारबानं आत डोकावून विचारलं, "टीव्ही कुठं घेऊन चालल्या, बाई?"

"टीव्ही न्हाई, बाबा. गणित करायचं मशीन आहे."

"गाणी लागत न्हाईत का ह्याच्यात?"

"न्हाई लागत."

"मंग कशाला एवढं जपून राह्यल्या!" म्हणून ते निघून गेले. तू इतकी हसलीस की पेटी मांडीवरून घसरायचीच बाकी होती.

परभणीला माझ्या जुन्या सरांनी आपल्याला त्या काचेच्या खोलीत घेतलं, पण काही फार आनंदानं नाही. सर शिस्तीचे. कोण कुठली बाई पेटी घेऊन येते आणि त्यांच्या मशीनला तार जोडू म्हणते! तू तार जालन्यातच करून आणली होतीस. दोन्ही टोकं जोडली. तिकडं सांगितलं 'पाठव', इकडं सांगितलं 'घे'. काही नाही. पडदा ढिम्म. सर घड्याळाकडं बघायला लागले. तू जमिनीवर मांडी घालून बसलीस, तार हातात घेऊन. ओठ हलत होते. मग एकदम: "अरे देवा! तोंडाला तोंड जोडलंय मी! दोघं बोलून राह्यले, ऐकतंच न्हाई कुणी!" सरांकडं वळून विचारलंस, "सर, सोल्डरिंग आयर्न मिळेल का?" तापल्या आयर्ननं दोन बारीक तारांची अदलाबदल केलीस, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. परत सोडलं. आता पडद्यावर अक्षरं आली, पण कचरा. नुसतं फुलीगोळा, उलटंसुलटं. मला रडू येत होतं. तू टाळी वाजवलीस. "ऐकू आलं! ऐकू आलं ना! तिकडचं घाईत बोलून राह्यलंय, एवढंच."

दोघांचा वेग सारखा केलास. आणि मग ओळ. एक ओळ, तिच्याखाली दुसरी. नुसते आकडे आणि अक्षरं, कुणाला काही अर्थ लागणार नाही असे. पण सरळ, शिस्तीत, एकामागून एक. माझा प्रोग्राम तारेतून ठिबकत आपल्या मशीनमध्ये येत होता. सर खुर्चीतून उठले. चष्मा कपाळावर चढवून तुझ्या मागं येऊन उभे राहिले.  तू मधूनमधून पुटपुटत होतीस, "ये, ये, ये, ये."

संपल्यावर तू उठलीस आणि मला खुर्चीत बसवलंस. "तुझा आहे. तू चालव."

मी नाव टाइप केलं. घाईत दोनदा चुकलं. मग पडद्यावर, आपल्या जालन्याच्या मशीनच्या पडद्यावर, इंग्रजीत प्रश्न आला: हाऊ मेनी प्लॉट्स?

तो प्रश्न मीच लिहिला होता, रजू, विद्यार्थिनी असताना, ह्याच खोलीत. आता तो एका परक्या पेटीतून मलाच विचारला जात होता. मी तुझ्या गळ्यात पडले. सर म्हणाले, "अहो, काय चाललंय!" आणि त्यांचाही आवाज काही शिस्तीतला राहिला नव्हता. जाताना त्यांनी तुझ्यासाठी चहा सांगितला. मला दोन वर्षांत कधी पाजला नव्हता.

जालन्यात आल्यावर आकडे भरायला लागलो. मी वाचायचे, तू टाइप करायचीस. निकाल छापून यायला लागला तेव्हा मी कागदाकडं पाठ करून खिडकीशी उभी राहिले. तू वाचत होतीस. तुझा आवाज पडला तसं मला कळलं.

"शकू, तीर्थपुरीला साहेबांचा पुढं आहे. चांगला पुढं."

तीर्थपुरी! माझं गाव. त्यातला एक प्लॉट तर आमच्याच रानात. तिथंच माझा बुटका हरला होता. मी म्हणाले, "झालं. राहू दे."

"थांब ना. कागद अजून येऊन राह्यलाय." प्रिंटर चरचरत होता. "मंठ्याला बरोबरी. आणि हसनाबादला…" तू कागद प्रिंटरमधून ओढूनच काढलास. "हसनाबादला तुझा! आणि थोडाथोडका न्हाई. तिन्ही हंगाम. ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी तर जास्तच!" ही उडी मात्र खुर्चीतली नव्हती. खोलीभर नाचलीस.

साहेबांसमोर आपण तो कागद ठेवला. तीर्थपुरीसारखी गोदावरीकडची भारी काळी रानं, तिथं लांब कणीस. हसनाबादसारखी भोकरदनकडची हलकी, मुरमाड रानं, तिथं बुटका. तीन हंगाम मी हलक्या रानाकडं बघून वाण निवडत आले होते, साहेब भारी रानाकडं बघून. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता म्हणतील, सरासरीनं माझा पुढं आहे, विषय संपला. म्हणाले असते तर मला तोंड उघडता येणार नव्हतं. शब्द दिला होता. ते म्हणाले, "दोन्ही घेऊ. तुमचा हलक्या रानापुरता, थोडा. पण बाई, आपली पैज काही ठरली न्हाई मंग." तू म्हणालीस, "साहेब, पैजच चुकीची होती." मी तुझा पदर ओढला. ते हसले.

पुढच्या खरिपात पावसानं मधेच दडी मारली. हसनाबादला ज्यांच्या रानात आपला प्लॉट असायचा त्या कावेरीबाईंनी बुटका पेरला होता. कापणीला तू हट्टानं माझ्याबरोबर आलीस, पहिल्यांदाच. तुला बाजरीतलं काहीही कळत नव्हतं. ताटं खांद्यालासुद्धा लागत नव्हती, पण कणीस भरलेलं, दाणा टच्च. शेजारच्या रानात बाजरी माना टाकून उभी होती. कावेरीबाई तुला म्हणाल्या, "तुम्ही मशीनवाल्या का? माझ्या रानाचं मशीनला कसं काय कळलं?" तू काही तरी लांबलचक सांगायला लागलीस, सुगरणी, चूल, तार. बाईंनी ऐकून घेतलं आणि तुझ्या ओंजळीत दाणे ओतले.   परत येताना जीपमध्ये म्हणालीस, "मी आजवर नुसती अक्षरंच हलवत होते गं. ती अशी होतात हे पाह्यलं नव्हतं."

आपलं भांडण मात्र तिथूनच सुरू झालं आणि वीस वर्षं चाललं. माझं म्हणणं साधं होतं: दुसरा मेंदू बसवला म्हणजे ते दुसरंच मशीन झालं. आपल्या मशीनचा फक्त पडदा उसना. त्यात कौतुक मशीनचं कसलं? आणि तू पेटायचीस: "उसना काय? जागा कुणी दिली? वीज कुणी दिली? स्वतः झोपून दुसरीला रांधू दिलं, हे कौतुक न्हाई?" तुझ्या मुक्ताची मी मानलेली मावशी, तिलाही आपण ह्यात ओढलं. कंपनीत नवीन मशीनं आली, जुनं अडगळीत गेलं, भांडण चालू. मुक्ता पुण्याला इंजिनियर झाली आणि एका दिवाळीत तिनं आपला तो प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून दाखवला. कार्ड नाही, काही नाही. लॅपटॉपनं स्वतःच त्या जुन्या गोमेचं सोंग घेतलं होतं. मी म्हणाले, "घे! आता ना पेटी आपली, ना मेंदू. आता बोल." तू तोंडात चकली धरून विचारात पडलीस. "हे सोंग आहे," म्हणालीस. "कार्ड सोंग नव्हतं." आणि मग मुक्ताला शेजारी बसवून ते सोंग कसं घेतात ते शिकायला लागलीस. फराळ तसाच राहिला.

औरंगाबादच्या दवाखान्यात मी शेवटची आले तेव्हा तुला बोलताना धाप लागत होती. नर्स म्हणाली, जास्त बोलू देऊ नका. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, मुक्ताबद्दल काही सांगशील. तू म्हणालीस, "शकू, तुझं अर्धं बरोबर होतं." मी म्हटलं, "कोणतं अर्धं?" तेवढ्यात डॉक्टर आले, मला बाहेर जावं लागलं. बाई, असं कुणी करतं का? वीस वर्षांचं भांडण, आणि कोणतं अर्धं ते न सांगता गेलीस! ह्या आठवड्यात मी रडले तेवढीच ह्याच्यावर चिडले आहे. चिडता चिडता परत विचार करत बसते, कोणतं असेल, आणि विचार करण्यात अशी रमते की तू नाहीस हे घटकाभर विसरते.

माझ्याकडूनही एक राहिलं आहे. ते सांगून टाकते.

परभणीला गेलो त्याच आठवड्यात मला हैदराबादहून बोलावणं आलं होतं. मोठं संशोधन, मोठी जागा, शिकायला मिळालं असतं. मी जाणार होते. कुणाला बोलले नव्हते, पण मनानं अर्धी गेलेच होते. पुढं कधी हैदराबादचा विषय निघालाच तर तुला सांगितलं, वडिलांची तब्येत बरी नव्हती. ती बरी नव्हती हे खरं आहे. पण भाऊ होता, वहिनी होती; मी गेले असते तर अडलं नसतं.

परभणीहून परत येताना सलीमभाईंनी जीप एका लिंबाखाली थांबवली, रेडिएटरमध्ये पाणी घालायला. आपण दोघी मांडीवरचं ओझं तसंच धरून बसलो होतो. पाय बधिर झाले होते, तोंडात धूळ, तुझ्या हाताला सोल्डरचा चटका. माझ्या डोक्यात हैदराबाद होतं आणि मी तुला सांगायला तोंड उघडलं. त्याच वेळी तू माझ्याकडं वळलीस. चेहरा उन्हानं लाल, केसांत माती, आणि डोळे असे की जणू अजून काही सुरूच झालेलं नाही.

म्हणालीस, "शकू, उद्या जल्दी ये हं."

मी दुसऱ्या दिवशी जल्दी आले. मग रोजच येत राहिले.